घरात ‘बंधन’ आहे म्हणतात. मुलाच्या गोळ्या थांबवायच्या का?

सुदामानगरची_सून (इंदूर)

प्रभूमध्ये सर्वांना सलाम.

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायला बसले. खरं नाव देत नाही, आमच्या मंडळीतले निम्मे लोक इथे असतात.

आम्ही इंदूरचे. सासरे मूळचे नगर जिल्ह्यातले, नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. चर्चमध्ये उपासना हिंदीत, घरची सांजप्रार्थना मराठीत. मुलगा 21 वर्षांचा, भंवरकुआंला कोचिंगला जातो, पीएससीची तयारी करतोय.

पावसाळ्यापासून तो बदललाय. रात्री उशिरापर्यंत जागा, सकाळी उठवत नाही, जेवणावर वासना नाही. पोह्यांची बशी तशीच ठेवून उठतो, आणि इंदूरच्या पोराने पोहे टाकले की आईला कळतंच काहीतरी बिनसलंय. मग झोपेतला त्रास सुरू झाला. पहाटे डोळे उघडतात पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. एकदा म्हणाला, “मम्मी, दाराशी बाई उभी होती.” दिवा लावून बघितलं तर याची उशी घामाने ओली. मनोविकाराच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या.

त्याच सुमारास आमच्या प्रार्थना-गटात बाहेरगावचे एक प्रचारक आले. घरी आले, खोल्याखोल्यांतून फिरले आणि बैठकीत समईपाशी थांबले. पितळेची समई, सासूबाईंच्या आजीची, म्हणजे घराण्याचा बाप्तिस्मा व्हायच्या आधीची. आम्ही ती नाताळात लावतो. ते म्हणाले, घरातलं बंधन, म्हणजे दुष्टात्म्याची पकड, इथून आलंय. ही बाहेर काढा, चौकटींना तेल लावा, उपास धरा. आणि गोळ्या बंद करा, गोळी म्हणजे अविश्वास. तुम्ही युद्धात आहात आणि शत्रूला दार उघडून बसलात.

मिस्टर म्हणतात, सगळं थोतांड. सासूबाई समई उचलून स्वतःच्या खोलीत घेऊन गेल्या आणि माझ्याशी बोलणं सोडलं. आणि मुलगा मला विचारतो, “माझ्यात भूत आहे का?”

बायबलमध्ये युद्ध आहे हे मलाही माहीत आहे. इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, देवाच्या शस्त्रसामग्रीचा, संडेस्कूलमध्ये पाठ केलेला, बक्षीस म्हणून पेन्सिल मिळाली होती. पण ते युद्ध हेच का? गोळ्या थांबवायच्या का? आणि बळ आणायचं कुठून? मला हल्ली प्रार्थनाच जमत नाही. गुडघे टेकते, “प्रभू” म्हणते आणि पुढे शब्द नाहीत.

शिपाई_येशूचा

ताई, प्रेषितांची कृत्ये 19:19 वाचा. इफिसच्या विश्वासणाऱ्यांनी जादूटोण्याची पुस्तकं सगळ्यांसमोर जाळली, किंमत 50,000 चांदीची नाणी. वस्तूंमधून दुष्टात्मे येतात. समईला मोह कसला? प्रचारक बरोबर बोललेत. गोळ्यांचं तुमचं तुम्ही बघा.

नाइटड्यूटी_मावशी (इंदूर)

अगं बाई, आधी गोळ्यांचं. थांबवू नकोस. डॉक्टरला न विचारता एक गोळीही कमी करू नकोस. नैराश्याची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम दाखवत नाही, गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. आणि मध्येच एकदम तोडली की चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं, असं सगळं उलटतं. मग तेच प्रचारक येऊन म्हणतील, बघा, आत्मा खवळला.

मी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. तुझ्या मुलाला पहाटे जे होतं ते मी वॉर्डात पुष्कळ बघितलंय. झोपेत स्वप्नं पडतात त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर माणूस स्वप्नात धावताना खाटेवरून पडेल. कधी कधी मेंदू आधी जागा होतो आणि अंग मागून. तेवढा वेळ डोळे उघडे, अंग जखडलेलं, छातीवर वजन, आणि अर्धं स्वप्न अजून समोर चालू. म्हणून खोलीत कोणीतरी दिसतं. जागरण, ताण, झोपेची वेळ रोज वेगळी, उताणं झोपणं, ह्यांनी ते वाढतं. कोचिंगच्या पोरांना हे चारही असतात.

देवासकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा होता, पाय मोडून आलेला. पहाटे साडेचारला त्याचे डोळे सताड उघडे, तोंडातून नुसती घरघर. वॉर्डातल्या आयाबाईने उशीखाली चाकू ठेवायला काढलाच होता. मी त्याच्या मोकळ्या पायाचा अंगठा धरला आणि म्हटलं, “बेटा, हा एवढाच हलव. बाकी काही करू नको.” अंगठा हलला, मग घोटा, मग तो रडायला लागला. दुसऱ्या दिवशी मला म्हणे, “सिस्टर, कौनसा मंत्र मारा?” मंत्र कसला. बोट हलवायचं, श्वास हळू सोडायचा, झटापट करायची नाही. तुझ्या मुलाला हे दिवसाउजेडी शिकवून ठेव, आणि कुशीवर झोपायला सांग. हे सगळं डॉक्टरलाही सांग, त्यांना फक्त “झोप लागत नाही” असं सांगितलं असशील तर अर्धंच कळलं असेल.

आणि एक गोष्ट विचार त्याला, आजच, सरळ शब्दांत: “जगणं नकोसं वाटतं का रे?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, आत असेल तर बाहेर येतो. हो म्हणाला तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-बेरात्री 14416 लाव, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट.

आता युद्धाचं. युद्ध नाही असं मी म्हणणार नाही. मी बायबल मानणारी बाई आहे आणि वॉर्डात मी अशा काही रात्री काढल्यात की काळोखाला तोंड असतं हे मला कोणी शिकवायला नको. पण तू पेन्सिल जिंकलीस तो अध्याय परत काढ. तो लिहिणारा, प्रेषित पौल, कुठे बसलाय बघ. कैदेत. विसाव्या ओवीत स्वतःच सांगतो, बेड्यांत आहे म्हणून. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटी आहे तसं रोममध्ये भाड्याच्या घरात, पहाऱ्याला एक शिपाई, असंच आपण धरून चालतो. शिरस्त्राण, उरस्त्राण, ढाल, तलवार, हे सगळं त्याच्या नजरेसमोर हाताच्या अंतरावर. आणि त्या शिपायाकडे बघत हा माणूस लिहितो की आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नव्हे. हा शिपाई माझा शत्रू नाही.

मग मला सांग, प्रचारक येऊन गेल्यावर तुझ्या घरात झगडणं कोणाकोणात चाललंय? तू आणि सासूबाई. तू आणि मिस्टर. आणि पोराचं स्वतःशीच, कारण त्याला वाटतंय तोच शत्रूचं घर. पौल सैतानाच्या ‘डावपेचांपुढे’ टिकाव धरा म्हणतो. समईत काही होतं की नव्हतं देव जाणे, पण चार माणसं एकमेकांना पाठमोरी करून बसवणं हा डाव मला तरी चांगला ओळखीचा आहे.

तिथे हल्ला करा असं फारसं नाहीच. उभे राहा, टिकून राहा, पुन्हा उभे राहा, हेच परत परत. तलवार एकच, ती म्हणजे वचन. बाकी सगळं अंगावर घ्यायचं, आणि तेही आपलं नव्हे. यशयाच्या 59 व्या अध्यायात हेच उरस्त्राण आणि हेच शिरस्त्राण परमेश्वर स्वतः घालतो, पौलाने तिथूनच घेतलंय. म्हणजे ती सामग्री देवाच्या अंगावरची आहे, आपल्या मनाच्या ताकदीची नाही. तुझ्यात आज बळ नाही म्हणतेस, तर चालेल. बळ तुझं असावं अशी अटच नाही.

ढालीचं सांगते, कारण लोक ती फुटाएवढी गोल समजतात. पौलाने जी ढाल लिहिलीय ती दाराएवढी. रोमी सैन्याचं वर्णन पोलिबियस नावाच्या जुन्या इतिहासकाराने केलंय, त्यात ती चार फूट उंच, अडीच फूट रुंद, लाकडी फळ्यांचे दोन थर चिकटवून वर कापड आणि वासराचं कातडं. एकट्याने धरली तर पुढचं झाकतं, बाजू उघडीच. शेजाऱ्याची ढाल शेजारी लागली की भिंत होते. आम्ही दोघी नर्सा मिळून जड पेशंट चादरीवरून उचलायचो, एकीने हिसका दिला की संपलं, तसंच आहे हे. विश्वासाची ढाल एकटीने धरून तू थकलीस, यात नवल काय!

प्रार्थनेला शब्द नाहीत म्हणतेस. त्याच अध्यायात, शस्त्रसामग्री सांगून झाल्यावर, पौल वाचणाऱ्यांकडे स्वतःसाठी काहीतरी मागतो. बेड्या गळून पडाव्यात असं मागत नाही. तोंड उघडीन तेव्हा मला शब्द मिळावेत म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा, म्हणतो. एवढा मोठा प्रेषित, ज्याची पत्रं आपण दर रविवारी वाचतो, त्याला शब्द हवे होते आणि ते त्याने दुसऱ्यांकडून मागून घेतले. तू पण माग. “माझ्याच्याने होत नाही, तुम्ही करा,” असं मंडळीतल्या दोघींना फोन करून सांग. तुला वाटतं ती हार आहे. मला ती विसाव्या ओवीच्या एक ओळ वरची गोष्ट वाटते.

एलिया संदेष्ट्याचंही वाच, 1 राजे 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि लगेच ईजबेल राणीच्या भीतीने रानात जाऊन झुडपाखाली पडला आणि मरण मागायला लागला. देवाने काय केलं? झोपू दिलं. दूताने उठवून निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी दिलं. परत झोपू दिलं. परत खाऊ घातलं. बोलणं पुढे, होरेब डोंगरावर. एलियात कसला आत्मा शिरलाय असं कोणी म्हटलं नाही.

माझी पणजी 1896-97 च्या दुष्काळातली. पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका घेऊन गेल्या, त्यांतली एक. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1905 साली तिथे मोठं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, मुली रात्र-रात्र रडून, ओरडून प्रार्थना करायच्या, म्हणून मोठ्या आवाजाच्या प्रार्थनेचं मला वावडं नाही. पण पणजी सांगायची ते आजीकडून माझ्यापर्यंत आलं ते असं, की सकाळी त्याच मुली शेतावर, विहिरीवर, छापखान्यात. आणि आजारी मुलीला कोणी उपाशी ठेवलं नाही.

समईबद्दल एकच. इंदूरच्या कचरागाडीला सहा खाने आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घातक. शापित वस्तूंचा सातवा नगर निगमने अजून काढलेला नाही. सासूबाईंना म्हण, समई बैठकीत आणा.

पुण्याचा_सेमिनारियन

मावशी, सलाम. तुमचं बहुतेक पटलं, पण एका जागी अडतोय. तुम्ही शेवटी सगळं घरातल्या भांडणावर आणलंत. पौल ज्या इफिसला लिहितो ते अर्तमी देवीच्या देवळाचं, मंत्रतंत्राचं गाव होतं. तिथल्या माणसांना दुरात्मे म्हणजे रोजची भीती होती, आणि पौल त्यांना “असं काही नसतं” असं सांगत नाही. तो सांगतो, ख्रिस्त त्या सगळ्या सत्तांच्या वर बसलाय, पहिल्याच अध्यायात. ताईंच्या मुलाला हेही ऐकायला हवं. भीती वाटणाऱ्याला “तो फक्त मेंदू आहे” एवढ्याने धीर येतोच असं नाही.

शिपाईभाऊ, 19:19 तुम्ही सांगितलंत, 18 पण वाचा. ज्यांनी जादूटोणा केला होता ते आले, त्यांनी कबूल केलं आणि स्वतःची पुस्तकं आणली. प्रेषितांनी घरोघर फिरून कोणाच्या आजीची भांडी तपासली नाहीत. आणि त्याच्या वरचीच गोष्ट स्किवा नावाच्या यहुदी याजकाच्या सात मुलांची. येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले आणि उघडेनागडे, घायाळ होऊन पळाले. घरोघर बंधनं शोधणाऱ्यांनी तो उतारा आधी वाचावा असं माझं मत.

गोळ्यांबद्दल: मत्तय 4:24 मध्ये आजारी, भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती अशी वेगवेगळी नावं आहेत. शुभवर्तमान लिहिणाऱ्याला फरक कळत होता. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचं पोटीस लावायला सांगितलं, आणि तोच यशया त्याच्यासाठी देवाचा निरोप घेऊन आला होता. लूक तर वैद्यच.

वसईचा_इंदुरी

आम्ही कॅथलिक, त्यामुळे थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे भूत उतरवण्याचा विधी कोणीही उठून करू शकत नाही. धर्मप्रांताच्या बिशपची खास परवानगी लागते, ती ठराविक धर्मगुरूलाच मिळते, आणि आधी वैद्यकीय तपासणी बघितली जाते. घरात शिरून दहा मिनिटांत निदान करणारा माणूस आमच्या फादरांनी दारातूनच परत पाठवला असता.

रक्तमांसाचं मावशींनी लिहिलं, त्यावरून इंदूरचीच गोष्ट. सिस्टर राणी मरिया, केरळच्या, उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या, सावकारीच्या विरोधात उभ्या राहिल्या. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला यायच्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये राणी मरियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, मी त्या गर्दीत होतो. सैतानाला काय झोंबत असेल तर ते तेल लावलेल्या चौकटीपेक्षा ती राखी, असं मला वाटतं.

नाइटड्यूटी_मावशी

सेमिनारियन बाळा, बरोबर आहे तुझं. नर्सला आधी नाडी दिसते, त्याला इलाज नाही. पण तू म्हणतोस ते त्या पोराला सांगायचं असेल तर भीती वाढवून सांगू नकोस. “ख्रिस्त वर बसलाय” हे वाक्य खालच्या सत्तांची यादी न वाचताही सांगता येतं. हल्ली काही प्रवचनांत सैतानाचं नाव इतक्या वेळा येतं की परक्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटेल, उपासना त्याचीच चालू आहे.

वसईकर, राखीची गोष्ट लिहिलीत, फार बरं केलंत.

सुदामानगरची_सून

सगळ्यांचे आभार. लिहायला उशीर झाला.

मावशी, विचारलं त्याला. गच्चीवर कपडे काढताना विचारलं, समोरासमोर बसून माझ्याने झालं नसतं. “कभी कभी,” म्हणाला. चादरीची दोन टोकं त्याच्या हातात, दोन माझ्या, आणि घडी घालायची राहूनच गेली. मी रडले नाही, म्हटलं, बरं झालं सांगितलंस, आपण डॉक्टरांना सांगू. त्याच संध्याकाळी मिस्टरांनी फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बराच वेळ बोलून घेतलं. गोळीची वेळ बदलली, घरात औषधं कुलपात ठेवा म्हणाले, दर आठवड्याला दाखवायला बोलावलंय. झोपेचं तुम्ही लिहिलंत तेच त्यांनी सांगितलं. आता तो कोचिंगहून नऊला घरी येतो, रात्रीची बॅच सोडली.

सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं. कचरागाडीवर हसल्या. समई मात्र अजून त्यांच्याच खोलीत आहे, नाताळात बघू म्हणतात. मी आग्रह केला नाही. पण आता सांजप्रार्थना त्याच करतात, 46 वं स्तोत्र वाचतात, मी फक्त आमेन म्हणते. दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलं, माझ्यासाठी तुम्ही करा. एकीने विचारलं, काय मागू? मला तेही सांगता आलं नाही, तर ती म्हणाली, असू दे, मी बघते काय ते.

अडचण पुढची. प्रचारक शुक्रवारी परत यायचे आहेत, गटाने ठरवलंय. आमच्याच घरी सभा. नाही म्हटलं तर गटातले लोक दुखावतील, सासूबाईंचं त्यांच्यात उठणं-बसणं आहे. हो म्हटलं तर मुलाचं काय? तो आत्ताच विचारतोय, “वो आनेवाले हैं क्या?”

शिपाई_येशूचा

ताई, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. वस्तूंबद्दल माझं मत तेच आहे, पण गोळ्या थांबवू नका. माझ्या मोठ्या भावाने थांबवल्या होत्या. नाव पाठवायचं नसेल तर नुसतं ‘इंदूरचा मुलगा’ म्हणून आमच्या गटात प्रार्थनेला ठेवतो.

फक्त_वाचक

मी ख्रिस्ती नाही, रामबागेत राहतो, सहज हा धागा वाचला. आमच्याकडे हाच प्रकार लिंबू-नारळाने होतो. शुक्रवारी मुलाला माझ्या मुलाबरोबर सिनेमाला पाठवा म्हटलं असतं, पण ओळख नाही आपली.

नाइटड्यूटी_मावशी

रामबागवाले, तुमची कल्पना उत्तम आहे. अगं, त्याला त्या संध्याकाळी घरात ठेवूच नकोस. मामाकडे, मित्राकडे, छप्पन दुकानला, कुठेही. पळवून लावल्यासारखं नको, आधीच सांग की सभा आहे, तुला बसायची गरज नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असेल तर त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय कोणी ठेवायचा नाही, हे दारातच सांगायचं.

सभा रद्द करू नकोस. आजच पाळकसाहेबांना फोन कर आणि शुक्रवारी त्यांनाच चालवायला सांग. घर तुझं, पाळक तुझ्या मंडळीचे, पाहुणा प्रचारक पाहुण्यासारखा बसेल. त्यांना वचन वाचायला दे, मोठा उतारा दे, इफिस 6 पूर्ण, दहापासून वीसपर्यंत. वाचून झालं की चहा. गोळ्यांचा विषय निघाला तर तू बोलू नकोस, मिस्टरांना बोलू दे. ते थोतांड म्हणतील म्हणून घाबरू नकोस, पण एवढं सांगून ठेव की आवाज चढवायचा नाही, “डॉक्टरांनी सांगितलंय, चालू राहणार” इतकंच. परत विचारलं तर परत तेच.

औषधांच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे? ती सासूबाईंकडे दे. त्या रात्रीच्या उठतातच.